रानवाट दाखविणारें हातयंत्र व त्याची निवड

आपल्या देशांत १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा छंद संपुष्टांत आणला. तेव्हां शिकाऱ्यानें कोणतें यंत्र घ्यावें हा विषय शेतकऱ्यांच्या मासिकांत कशास, असें कित्येक वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या यंत्राविषयीं आज आम्ही लिहीत आहों, त्याचा संबंध शिकारीइतकाच जमिनीच्या हद्दीशीं आहे. आणि हद्दीची गोष्ट निघाली कीं शेतकऱ्याचे कान टवकारतात, हें आम्हीं सांगावयास नको. अमेरिकेच्या पश्चिम भागांतील डोंगराळ व निर्जन रानांत शिकारी लोक जें हातांतील जी.पी.एस. यंत्र बाळगतात, त्याची निवड ते कोणत्या कसोट्यांनीं करतात, आणि त्या यंत्रामुळें तेथील जमीनमालक व शिकारी यांच्यामध्यें केवढा वाद उभा राहिला, हें समजून घेतलें असतां आपणांसही उपयोगाच्या चार गोष्टी हातीं लागतील. शिवाय ज्यांचीं मुलें वा नातलग त्या देशांत आहेत, त्यांच्या घरीं असें यंत्र भेटीदाखल येण्याचा संभव असतो. त्याविषयींची एक कायद्याची सूचना पुढें दिली आहे, ती प्रत्येकानें अवश्य वाचावी.

यंत्र काय करतें?

पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकन सरकारचे उपग्रह फिरत असतात. प्रत्येक उपग्रह दिवसांतून सुमारें दोन फेऱ्या करतो व आपली जागा आणि अचूक वेळ सतत कळवीत राहतो. हातांतील यंत्र हें केवळ ऐकणारें आहे. उपग्रहाचा संदेश निघाल्यापासून पोहोंचेपर्यंत किती वेळ लागला, यावरून तें अंतर काढतें. अशीं निदान चार उपग्रहांचीं अंतरें मिळालीं म्हणजे अक्षांश, रेखांश, उंची व स्वतःच्या घड्याळाची चूक हीं चारही ठरतात. तीन खुंट्यांपासून साखळीनें अंतर मोजून नवी खुंटी ठोकण्याचें जें तत्त्व, तेंच येथें आहे; फरक इतकाच कीं, खुंट्या आकाशांत आहेत आणि त्या सारख्या चालत आहेत.

या योजनेंतील पहिला उपग्रह १९७८ सालीं सोडण्यांत आला व १९९५ सालीं सर्व व्यवस्था पुरी झाली. सामान्य लोकांस विकत मिळणारें पहिलें हातयंत्र मॅगेलन या कंपनीनें १९८९ सालीं काढलें. त्याची किंमत तीन हजार डॉलरांच्या घरांत होती. प्रारंभीं अमेरिकन सरकार सामान्यांस मिळणाऱ्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळीत असे व त्यामुळें शंभर मीटरांपर्यंत फरक पडे. मे २००० मध्यें ही चूक काढून टाकण्यांत आली, आणि तेव्हांपासून हें यंत्र शिकारी, कोळी व गिर्यारोहक यांच्या खऱ्या उपयोगाचें झालें. आज रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ व चीनचे बैदू हेही उपग्रहसमूह आकाशांत आहेत. आपल्या इस्रो संस्थेनेंही नाविक या योजनेचा पहिला उपग्रह २०१३ सालीं सोडला. नवीं यंत्रें यांपैकीं अनेक समूहांचे संदेश एकाच वेळीं ऐकतात.

शिकाऱ्याची गरज कोणती?

कोणतेंही औजार घेण्यापूर्वीं काम कोणतें हें आधीं ठरवावें. नांगर घेणारा मनुष्य आपली जमीन काळी आहे कीं मुरमाड हें पाहतो, तसेंच येथें आहे. पश्चिम अमेरिकेंतील शिकाऱ्याच्या गरजा मुख्यतः तीन आहेत.

पहिली गरज परत येण्याची. तेथील बहुतेक राज्यांत मोठ्या जनावरांच्या शिकारीस सूर्योदयापूर्वीं अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढीच मुदत असते. म्हणजे जातांना अंधार व येतांनाही अंधार. त्यांतून हंगाम थंडीच्या तोंडावरचा. एका रात्रींत बर्फ पडून पायवाट व स्वतःचीं पावलें दोन्ही नाहींशीं होतात. अशा जागीं तंबूची दिशा चुकणें म्हणजे जिवावरचा प्रसंग होय.

दुसरी गरज पडलेलें जनावर पुन्हा सांपडण्याची. एल्क नांवाचें तेथील हरिण आपल्या सांबराएवढें किंवा त्याहून मोठें असतें. त्याचें मांस एका खेपेंत पाठीवरून नेतां येत नाहीं. दोघां-तिघां माणसांसही अनेक खेपा कराव्या लागतात, व प्रत्येक खेप कांहीं किलोमीटरांची असते. खाण्याजोगें मांस रानांत टाकून येणें हा तेथील अनेक राज्यांत गुन्हा आहे. दाट झाडींत रात्रीं तीच जागा पुन्हा शोधावयाची, तर जनावर पडल्याबरोबर यंत्रांत खूण करून ठेवण्यावांचून गत्यंतर नाहीं.

तिसरी गरज हद्दीची. शिकारीचा परवाना बहुधा ठराविक विभागापुरता असतो. विभागाची सीमा ओलांडली कीं तोच शिकारी गुन्हेगार ठरतो. शिवाय सरकारी रान कोठें संपलें व खाजगी कुरण कोठें लागलें, हें कुंपणावरून नेहमींच कळतें असें नाहीं. या तिसऱ्या गरजेचा विचार पुढें सविस्तर केला आहे.

फोन असतांना निराळें यंत्र कशास?

हा प्रश्न रास्त आहे. फोनमध्येंही उपग्रहांचें ऐकणारा भाग असतो, व उघड्या आकाशाखालीं चांगला फोन सुमारें पांच मीटरांच्या आंत जागा दाखवितो, असें अमेरिकन सरकारचीच माहिती सांगते. नकाशे आधीं उतरवून घेतले असतील तर फोनचें जाळें नसलेल्या रानांतही तो काम देतो, आणि त्याचा पडदाही मोठा असतो. मग उणें कोठें आहे? फोनची बॅटरी थंडींत भराभर उतरते. हातमोजे घातलेल्या वा ओल्या बोटांस त्याचा पडदा नीट जुमानीत नाहीं. खडकावर पडला तर कांच जाते. आणि तोच फोन छायाचित्रें काढण्यास, दिव्यासारखा वापरण्यास व संकटीं हांक मारण्यासही लागतो. एकाच बैलाला नांगर, मोट व गाडी तिन्ही जुंपलीं म्हणजे तो नेमका गरजेच्या वेळीं बसतो. म्हणून जाणते शिकारी नकाशा पाहण्यास फोन व जीव राखण्यास हातयंत्र अशी कामाची वांटणी करतात, आणि ती आम्हांस पटते.

निवडतांना पाहावयाच्या गोष्टी

१. बॅटरी. — यंत्राचे सर्व गुण बॅटरी चालू असेपर्यंतच. बाजारांत दोन प्रकार आहेत : एकांत साधे दोन सुटे सेल बसतात, दुसऱ्यांत बंदिस्त लिथियम बॅटरी असून ती विजेवर भरावी लागते. गार्मिन कंपनीच्या पूर्वीच्या ईट्रेक्स यंत्रांत दोन सेलांवर सुमारें २५ तास काम होई. २०२३ सालीं निघालेल्या ईट्रेक्स एसई या यंत्रास ती कंपनी दोन सेलांवर १६८ तास सांगते, व त्याच सालच्या जीपीएसमॅप ६७ या बंदिस्त बॅटरीच्या यंत्रास १८० तास. हे आंकडे कंपनीचे व माफक वापराचे आहेत हें विसरूं नये. पडदा सारखा पेटता ठेवला व कडाक्याची थंडी पडली कीं ते झपाट्यानें खालीं येतात. साधे अल्कलाइन सेल थंडींत लौकर मंदावतात. एकदांच वापरावयाचे लिथियम सेल गोठणबिंदूच्या बरेंच खालीं काम देतात व वजनासही हलके असतात. जेथें वीज नाहीं तेथें आठ दिवस राहावयाचें असेल, तर सुट्या सेलांचें यंत्र अधिक भरंवशाचें, कारण खिशांत चार सेल जास्त ठेवले कीं चिंता मिटली. बंदिस्त बॅटरीचें यंत्र घेतलें तर ती भरण्याचें साधनही बरोबर वाहून न्यावें लागेल, हें लक्षांत ठेवावें.

२. कळा कीं स्पर्शाचा पडदा. — दुकानांत स्पर्शाचा पडदा मोहक वाटतो. पावसांत, बर्फांत व जाड हातमोजे घातलेल्या हातांनीं मात्र दाबावयाच्या कळाच खऱ्या. दुकानांत असतांना एकदां हातमोजा घालून यंत्र चालवून पाहावें; पांच मिनिटांत कायतें कळून येतें.

३. ग्रहणशक्ति. — उघड्या माळावर कोणतेंही यंत्र चांगलें चालतें. कसोटी लागते ती खोल दरींत व दाट झाडीखालीं. तेथें उपग्रहाचा संदेश कड्यावर आपटून वळसा घेऊन येतो व अंतर खोटें मोजलें जातें. या दोषावर इलाज म्हणून अलीकडचीं कांहीं यंत्रें एका ऐवजीं दोन लहरींवर संदेश ऐकतात. एक जुनी एल-१ व दुसरी नवी एल-५. दऱ्याखोऱ्यांत फिरणाऱ्यानें अशा दुहेरी लहरींच्या यंत्रास चार पैसे अधिक द्यावे. सपाट मैदानांत फिरणाऱ्यास तेवढा खर्च करण्याचें कारण नाहीं.

४. होकायंत्र व वायुभारमापक. — साध्या यंत्रास दिशा कळते ती चालूं लागल्यावरच. उभ्या माणसाचें तोंड कोणीकडे आहे हें तें सांगूं शकत नाहीं. म्हणून आंत विजेवरचें होकायंत्र असणें सोईचें. वायुभारमापक असला तर उंची अधिक स्थिर दिसते, आणि हवेचा दाब एकाएकी उतरूं लागला तर वादळाची आगाऊ सूचनाही मिळते. होकायंत्राच्या बाबतींत एक फरक ध्यानांत घ्यावा. सुईची उत्तर व नकाशाची उत्तर एकच नव्हे. महाराष्ट्रांत हा फरक अगदीं अल्प असल्यानें आपणांस तो जाणवत नाहीं. परंतु अमेरिकेच्या वायव्य भागांत तो दहा अंशांहून अधिक आहे, व दहा अंशांची चूक घेऊन एक किलोमीटर चाललेला मनुष्य इच्छित जागेपासून सुमारें पावणेदोनशें मीटर बाजूस जाऊन पोहोंचतो. यंत्रांत ही दुरुस्ती आपोआप होते कीं हातानें भरावी लागते, तें पाहावें.

५. पाणी व मार. — यंत्रावर आयपीएक्स-७ असा शिक्का असल्यास त्याचा अर्थ एक मीटर खोल पाण्यांत अर्धा तास राहूनही आंत पाणी जात नाहीं असा होतो. याहून कमी प्रतीचें यंत्र रानांत नेऊं नये. अंगास दोरी बांधण्याची सोय आहे कीं नाहीं, हेंही पाहावें. ओढ्यांत पडलेलें उत्तम यंत्र कोणाच्याच कामाचें नाहीं.

६. नकाशा. — नकाशावांचून यंत्र केवळ आंकडे दाखवितें. अमेरिकेच्या भूमापन खात्याचे १ : २४,००० प्रमाणाचे समोच्च रेषांचे नकाशे प्रसिद्ध आहेत, त्यांवरून चढ, कडा व ओढा स्पष्ट कळतो. यंत्रांत त्या प्रतीचा नकाशा आहे कीं नुसती रस्त्यांची आकृति आहे, तें विचारावें. कांहीं स्वस्त यंत्रांत नकाशा मुळींच नसतो, व मागाहून घालण्यासही जागा नसते.

७. मोजणीचा आधार. — ही बाब किरकोळ वाटते, परंतु तिनें अनेकांस चकविलें आहे. अक्षांश-रेखांश मोजतांना पृथ्वीचा आकार व आरंभबिंदु कोणता मानला, यावर आंकडे अवलंबून असतात. अमेरिकेंतील जुने नकाशे १९२७ सालच्या आधारावर आहेत व जी.पी.एस.चा मूळ आधार १९८४ सालचा आहे. दोहोंची गल्लत झाली तर पश्चिम अमेरिकेंत शंभर मीटर वा त्याहून अधिक फरक पडतो. आपल्याकडील सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशेही एव्हरेस्टच्या आधारावर आहेत, १९८४च्या नव्हे. म्हणून कागदी नकाशाच्या कोपऱ्यांत कोणता आधार छापला आहे तें वाचावें व यंत्रांत तोच लावावा.

८. संदेश पाठविण्याची शक्ति. — कांहीं यंत्रें उपग्रहामार्फत घरीं संदेश धाडूं शकतात व संकटाची हांकही देतात. डीलॉर्म कंपनीनें २०११ सालीं काढलेलें इनरीच हें या प्रकारांतलें प्रसिद्ध यंत्र. ती कंपनी २०१६ सालीं गार्मिननें घेतली. अमेरिकेंत एकट्यानें रानांत जाणाऱ्यास हा गुण फार मोलाचा आहे. त्यास दरमहाची वर्गणी मात्र भरावी लागते. यंत्राच्या किंमतींत ती धरूनच हिशेब करावा. दुसरें असें कीं, कांहीं राज्यांत शिकार शोधण्याच्या कामीं अशा संदेशांचा उपयोग करणें बेकायदेशीर आहे.

किंमतीविषयीं थोडक्यांत सांगावयाचें तर, २०२३ सालीं बाजारांत आलें त्या वेळीं ईट्रेक्स एसईची किंमत सुमारें दीडशें डॉलर होती, नकाशे व दुहेरी लहरी असलेल्या जीपीएसमॅप ६७ची पांचशें, आणि संदेशाची सोय असलेल्या त्याच्याच जोडीदाराची सहाशें. वर्षांतून एकदां दोन दिवस परिचयाच्या रानांत जाणाऱ्यास पहिलें पुरे. अनोळखी डोंगरांत आठवडा काढणाऱ्यानें दुसऱ्याचा वा तिसऱ्याचा विचार करावा. महाग तें चांगलें हा नियम येथेंही खरा नाहीं. आपल्या कामास पुरतें तें चांगलें.

हद्दीचा प्रश्न

आतां जमीनमालकाच्या दृष्टीनें महत्त्वाचा भाग सांगतों. अमेरिकेंत १७८५ सालच्या कायद्यान्वयें पश्चिमेकडील जमिनीची चौकटी मोजणी सुरू झाली. एक मैल लांब व एक मैल रुंद असा ६४० एकरांचा चौकोन, व अशा ३६ चौकोनांचें एक टाउनशिप. एकोणिसाव्या शतकांत रेल्वे कंपन्यांस मार्गाच्या दोन्ही बाजूंचे चौकोन एक सोडून एक असे बक्षीस देण्यांत आले. मधले सरकारकडे राहिले. त्यामुळें कित्येक ठिकाणीं जमिनीचा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो : काळें घर सरकारचें, तर पांढरें खाजगी मालकाचें. सरकारी घरांत शिकार करण्याचा हक्क सर्वांस आहे. परंतु अशीं दोन घरें एकमेकांस केवळ कोपऱ्यांत, एका बिंदूंत शिवतात. तेथें पोहोंचावयाचें कसें? २०१८ सालीं ऑनएक्स ही कंपनी व थिओडोर रूझवेल्ट यांच्या नांवाची एक संवर्धनसंस्था यांनीं मिळून हिशेब केला, तेव्हां पश्चिमेकडील तेरा राज्यांत सुमारें ९५ लाख एकर सरकारी जमीन अशी निघाली कीं, खाजगी जमिनींत पाऊल टाकल्यावांचून तिच्यापर्यंत कायमचा हक्काचा रस्ताच नाहीं.

पूर्वीं गवतांत लपलेला तो कोपऱ्याचा बिंदु सामान्य माणसास सांपडतच नसे, त्यामुळें प्रश्न झांकलेला होता. यंत्रानें तो उघडा केला. मोंटॅना राज्यांत २००९ सालीं निघालेल्या वर सांगितलेल्या ऑनएक्स कंपनीनें प्रत्येक चौकोनाची हद्द व मालकाचें नांव दाखविणारा नकाशा हातयंत्रांत घालण्याची सोय केली, व शिकारी कोपऱ्यापर्यंत नेमके जाऊं लागले. २०२१ सालीं वायोमिंग राज्यांत एल्क पर्वताजवळ मिसूरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनीं एका कोपऱ्यावर शिडी उभी केली व खाजगी जमिनीस पाय न लावतां एका सरकारी चौकोनांतून दुसऱ्यांत उतरले. तेथील सुमारें बावीस हजार एकरांच्या मालकानें, आपल्या जमिनीवरील आकाशांतून ते गेले, म्हणून फिर्याद केली, व सत्तर लाख डॉलरांहून अधिक नुकसानीचा दावा लावला. २०२२ सालीं पंचांनीं शिकाऱ्यांस फौजदारी गुन्ह्यांतून मुक्त केलें. २०२३ सालीं दिवाणी न्यायालयानें, व मार्च २०२५ मध्यें वरिष्ठ न्यायालयानेंही १८८५ सालच्या कुंपणविषयक कायद्याच्या आधारें शिकाऱ्यांच्या बाजूनें निकाल दिला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें हें प्रकरण ऐकण्याचें नाकारलें.

या खटल्यांत एक लहानसा मुद्दा आम्हांस विशेष बोधप्रद वाटतो. एका शिकाऱ्याच्या नकाशांत खाजगी जमिनीवर एक खूण केलेली आढळली. तो तेथें स्वतः उभा होता, कीं दूर बसून पडद्यावर त्यानें ती खूण केली, यावर बराच वाद झाला. नकाशावरील खूण ही माणसाच्या पावलाची साक्ष नव्हे, व पावलाचा ठसा नसला म्हणून खूण खोटी असेंही नव्हे. यंत्राचा पुरावा पुढें करणाऱ्यानें हा भेद आधीं ओळखावा.

जमीनमालकाची बाजू निखालस खोटी, असें आमचें म्हणणें नाहीं. परकीं माणसें रानांतून हिंडूं लागलीं म्हणजे फाटक उघडें राहतें, गुरें बुजतात, गंजीजवळ शेकोटी पेटते, हे अनुभव कोणत्याही देशांतील शेतकऱ्यास नवे नाहींत. मोंटॅना राज्यानें यावर एक चांगला मार्ग काढला आहे : जे मालक आपल्या राजीखुषीनें ठराविक नियमांनीं शिकाऱ्यांस येऊं देतात, त्यांस सरकार मोबदला देतें. त्या योजनेखालीं लाखों एकर खाजगी जमीन आलेली आहे. हक्काचा तंटा न्यायालयांत लढून जिंकण्यापेक्षां समजुतीनें मिटविला असतां खर्च कमी येतो व शेजारही राहतो, हें तत्त्व आपल्या बांधालाही लागू आहे.

गुंठ्याचा हिशेब

आपल्याकडे हें यंत्र शिकारीस नव्हे, तर दुसऱ्याच कामांत शिरलें आहे. महाराष्ट्रांत २०२१ पासून ई-पीक पाहणींत शेतकरी स्वतः फोनवरून पिकाचें छायाचित्र जागेच्या नोंदीसह भरूं लागला. फोनच्या पडद्यावर गटाचा नकाशा व उपग्रहाचें चित्र एकावर एक ठेवून, “बांध इकडे सरकला आहे” असा तंटाही ठिकठिकाणीं सुरू होतो. अशा वेळीं पुढील हिशेब डोळ्यांपुढें ठेवावा.

एक एकराचें चौरस शेत धरलें तर त्याची बाजू सुमारें ६३.६ मीटर येते. हातयंत्रानें एक बाजू केवळ तीन मीटर चुकीची दाखविली, तर ६३.६ गुणिले ३ म्हणजे सुमारें १९१ चौरस मीटरांचा फरक पडला. एक गुंठा सुमारें १०१ चौरस मीटरांचा. म्हणजे जवळजवळ दोन गुंठे इकडचे तिकडे झाले! आणि तीन मीटरांची चूक ही हातयंत्राच्या बाबतींत मोठी चूक मानीत नाहींत. आणखी एक गंमत अशी कीं, एकाच फेरींत चारही कोपरे एकाच बाजूस सारखे सरकले तर क्षेत्रफळ बरोबर येतें, पण शेत मात्र शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन बसतें. म्हणून फवारणीचें औषध, बियाणें वा मजुरी यांचा अंदाज करण्यास यंत्रावरील क्षेत्रफळ खुशाल वापरावें. बांध ठरविण्यास कधींही वापरूं नये. तें काम भूमि अभिलेख खात्याच्या मोजणीचें. ती मोजणी आतां रोव्हर यंत्रांनीं होऊं लागली आहे. त्यांस निश्चित स्थानकांवरून सतत दुरुस्ती मिळते व म्हणून चूक सेंटीमीटरांत राहते. दोन्ही यंत्रें उपग्रहांचेंच ऐकतात, परंतु किराणा दुकानाचा तराजू व सोनाराचा कांटा यांत जें अंतर, तेंच यांच्यांत आहे.

अमेरिकेंतील समंजस शिकारीही याच कारणानें पडद्यावरील हद्दीच्या रेषेस चिकटून चालत नाहींत. कांहीं पावलें आंतच राहतात.

वापराच्या संवयी

उत्तम यंत्र घेऊन वाईट संवयी ठेवणारा मनुष्य रानांत चुकतोच. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्या. निघण्यापूर्वीं उघड्या जागीं यंत्र चालू करून त्यास उपग्रह नीट सांपडेपर्यंत थांबावें, व मोटारीची वा तंबूची खूण सर्वांआधीं करावी. यंत्र परतीची जी सरळ रेषा दाखवितें, ती मधला कडा वा भरलेला ओढा पाहत नाहीं. आलेल्या मार्गाची नोंद चालू ठेवून त्याच मार्गानें परतावें. सेल छातीजवळच्या खिशांत उबेंत ठेवावे. खुणांस नांवें द्यावीं. नुसत्या आंकड्यांच्या वीस खुणा रात्रीं कामास येत नाहींत. कागदी नकाशा व साधें होकायंत्र बरोबर असावेंच, कारण त्यांस सेल लागत नाहीं. आणि कोठें जातों, केव्हां परततों, हें घरीं सांगून जावें. एवढी खबरदारी घेण्यास एक पैसाही खर्च येत नाहीं. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यांत धुकें उतरल्यावर वाट चुकणाऱ्या आपल्या तरुण मंडळींनींही या सर्व सूचना जशाच्या तशा घेण्यास हरकत नाहीं.

कायद्याची सूचना

उपग्रहाचें केवळ ऐकणारें यंत्र व उपग्रहाशीं उलट बोलणारें यंत्र यांत कायद्याच्या दृष्टीनें मोठा भेद आहे. सरकारच्या परवान्यावांचून उपग्रह-दूरध्वनि किंवा इनरीचसारखें संदेशयंत्र बाळगणें भारतांत बेकायदेशीर आहे. डिसेंबर २०२४ मध्यें गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवाशास अशाच यंत्रापायीं पोलिसांच्या ताब्यांत जावें लागलें, व पुढेंही असे प्रकार घडले. तेव्हां परदेशांतील मुलास वा नातलगास आधींच कळवावें कीं, संदेश पाठविणारें यंत्र भेट म्हणून आणूं नये. साधें यंत्र आणावयाचें असल्यासही त्याचें माहितीपत्रक व पावती बरोबर ठेवावी आणि विचारणा झाल्यास प्रामाणिकपणें दाखवावी. कारण दोहोंतील भेद तपासणाऱ्या अधिकाऱ्यास एका दृष्टिक्षेपांत कळेलच असें नाहीं. त्याचप्रमाणें पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरांच्या बंदोबस्तासाठींही वनखात्याची परवानगी घेतल्यावांचून कोणी हत्यार उचलूं नये. हातांत यंत्र असलें म्हणून कायद्यांतून सुटका होत नाहीं.

सारांश, आधीं काम ठरवावें, मग बॅटरी पाहावी, मग कळा, ग्रहणशक्ति व नकाशा, आणि सर्वांच्या शेवटीं किंमत. यंत्र वाट दाखवितें. ती वाट आपल्या हक्काची आहे कीं नाहीं, हें ठरविण्यास कागदपत्र, सरकारी मोजणी व शेजाऱ्याशीं दोन शब्दांची समजूत यांचीच गरज लागते. आमच्या वाचकांपैकीं जे असें यंत्र घेतील, त्यांनीं पहिल्या दिवशीं तें आपल्याच शेताभोंवतीं फिरवून पाहावें. आपल्या वडिलार्जित बांधापासून तें किती मीटर दूर जातें हें एकदां डोळ्यांनीं पाहिलें, म्हणजे त्याच्यावर किती विसंबावें तें कोणास विचारावें लागणार नाहीं.